नकाशा किती चुकला आहे? भू-माहितीशास्त्रात शिकवायचं आणि संशोधन करायचं ठरवणाऱ्यांसाठी

निकाल लागले की पुण्यात जीआयएसबद्दल, म्हणजे संगणकावर नकाशे आणि स्थळांची माहिती हाताळणाऱ्या प्रणालीबद्दल, एक प्रश्न हमखास कानावर येतो: "जीआयएसमध्ये एमएस्सी केलं, तर पुढे प्राध्यापक होता येतं का?" येतं. पण ते कुठल्या सॉफ्टवेअरवर हात बसलाय यावर फारसं ठरत नाही. आधी ठरतं ते पदवीच्या नावावर, आणि नंतर, म्हणजे नोकरी लागल्यावर, एका वेगळ्याच गोष्टीवर: समोरचा नकाशा किती चुकला आहे, कुठे चुकला आहे आणि का, हे तुम्हाला सांगता येतं का? नकाशा काढून देणारे पुष्कळ मिळतात. त्यातली चूक मोजून सांगणारे कमी, आणि विद्यापीठाने पगार द्यावा तो याच कामासाठी.

आधी पदवीचं नाव, कारण इथे चुकलं तर पुढचं सगळं अवघड होऊन बसतं.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०१८च्या नियमावलीनुसार सहायक प्राध्यापकासाठी संबंधित किंवा संलग्न विषयात ५५ टक्क्यांसह पदव्युत्तर पदवी लागते. जुलै २०२३च्या दुरुस्तीनंतर नेट (देशपातळीवरची) किंवा सेट (राज्याची) पात्रता परीक्षा ही किमान अट आहे, पीएचडी ऐच्छिक. आता अडचण अशी, की नेटच्या विषयांत 'जिओइन्फॉर्मेटिक्स' (भू-माहितीशास्त्र) नावाचा विषय नाही. बहुतेक जण भूगोल (विषय क्रमांक ८०) घेऊन बसतात. त्याच्या दुसऱ्या पेपरात १०० प्रश्न, २०० गुण आणि अभ्यासक्रमाचे १० घटक. भौगोलिक तंत्रं हा त्यातला एक घटक. उरलेले ९ म्हणजे भूरूपशास्त्र, हवामानशास्त्र, लोकसंख्या, भौगोलिक विचारांचा इतिहास वगैरे. बीएस्सी संगणकशास्त्र करून थेट एमएस्सी जिओइन्फॉर्मेटिक्सला आलेल्या मुलाला हे ९ घटक कोरे असतात. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत एवढाच दिलासा. शिवाय 'संलग्न विषय' कोणता हे जाहिरात देणारं महाविद्यालय आणि निवड समिती ठरवते. भूगोलाच्या जागेसाठी एका ठिकाणी जिओइन्फॉर्मेटिक्सची पदवी चालते, तर दुसरीकडे अर्ज छाननीतच बाजूला पडतो. म्हणून प्रवेश घेण्याआधी महाविद्यालयांच्या गेल्या दोन-तीन वर्षांतल्या जाहिराती काढा आणि पात्रतेची ओळ शब्दन् शब्द वाचा. माहितीपत्रकातल्या 'उज्ज्वल संधी'पेक्षा ती ओळ जास्त खरं बोलते.

अभियांत्रिकीचा दरवाजा वेगळा. तिथे तंत्रशिक्षण परिषदेचे (एआयसीटीई) नियम: बीई आणि एमई, दोन्हींपैकी एकीत प्रथम श्रेणी. नेटचा संबंध नाही. एमटेकच्या प्रवेशासाठीच्या गेट परीक्षेत २०२२पासून जिओमॅटिक्स (भूमापन आणि नकाशे) इंजिनिअरिंगचा स्वतंत्र पेपर आहे. त्यामुळे सिव्हिलवाल्यांना आयआयटी मुंबई किंवा रुरकीच्या एमटेककडे जायला सरळ रस्ता झाला. देहरादूनची आयआयआरएस ही सुदूर संवेदन (उपग्रहांवरून निरीक्षण) संस्था (स्थापना १९६६) एमटेक तर चालवतेच, पण तिचे ऑनलाइन अभ्यासक्रम फुकट आहेत. पदवीच्या दुसऱ्या वर्षापासून ते करत राहायला काहीच हरकत नाही.

पुण्याची सोय अशी, की या विषयाची बहुतेक सगळी दारं एका गावात आहेत. गणेशखिंडीत विद्यापीठाचा भूगोल विभाग, सिम्बायोसिसची जिओइन्फॉर्मेटिक्स संस्था, संगणन-संशोधन करणारी सीडॅक, पाषाणला हवामान-संशोधनाची आयआयटीएम, शिवाजीनगरला हवामान खात्याचं राष्ट्रीय विदा (डेटा) केंद्र, भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचं मुख्यालय, जमाबंदी आयुक्तांचं कार्यालय, आळंदी रस्त्यावर सर्व्हे ऑफ इंडियाचं महाराष्ट्र-गोव्याचं केंद्र. संशोधन करणाऱ्याला याचा अर्थ एवढाच, की अर्ज घेऊन स्वतः जाता येतं आणि कुठल्या टेबलावर अडकलाय ते विचारता येतं.

टोपोशीट ४७ एफ/१४

चूक मोजायला शिकायचं तर सुरुवात जुन्या टोपोशीटपासून, म्हणजे सर्व्हे ऑफ इंडियाच्या छापील स्थलदर्शक नकाशापासून, करावी. पुणे शहराचा मोठा भाग ४७ एफ/१४ या १:५०,००० च्या शीटवर येतो. हद्द: ७३°४५′ ते ७४°००′ पूर्व, १८°३०′ ते १८°४५′ उत्तर. सिंहगड आणि कात्रज खालच्या ४७ एफ/१५ वर. ही शीट स्कॅन करून क्यूजीआयएस या सॉफ्टवेअरमध्ये जिओरेफरन्स करणं (प्रतिमेला खरे अक्षांश-रेखांश जोडणं) हा पहिल्या सत्रातला प्रयोग आहे आणि बहुतेक ठिकाणी तो चुकीचा शिकवला जातो.

आधी कागद मोजा. १५ मिनिटांचं अक्षांश-अंतर जमिनीवर सुमारे २७.७ किलोमीटर, म्हणजे शीटची उंची साधारण ५५.३ सेंटिमीटर यायला हवी. खालची कड ५२.८ सेंटिमीटरच्या आसपास, आणि वरची कड तिच्याहून पाऊण मिलीमीटरने आखूड, कारण उत्तरेकडे रेखावृत्तं जवळ येतात. म्हणजे शीट आयत नाहीच. चार कोपरे आयताला बळजबरीने जुळवले, तर सुरुवातीलाच चाळीसेक मीटरचा घोळ. त्यात जुना कागद दमट-कोरड्या हवेत आक्रसलेला असतो. उंची पाच मिलीमीटर कमी भरली, तर जमिनीवर अडीचशे मीटर झाले. कागद दोन्ही दिशांना सारखा आक्रसत नाही, म्हणून दोन्ही बाजू मोजायच्या आणि वहीत लिहून ठेवायच्या.

मग बिंदू. शीटवर दर ५ मिनिटांनी अक्षवृत्त-रेखावृत्तांचे छेद असतात, एकूण १६. सगळे १६ घ्या, कोपऱ्यांतल्या चारांवर भागवू नका. ३०० डीपीआयच्या स्कॅनमध्ये एक पिक्सेल जमिनीवर सव्वाचार मीटर होतो, तेव्हा झूम करून छेदाच्या मध्यावरच क्लिक करा. निर्देशांक प्रणाली निवडताना डोळे झाकून डब्ल्यूजीएस ८४ (जीपीएस वापरतो ती) घेऊ नका. जुन्या शीट एव्हरेस्ट लंबगोलावर (पृथ्वीचा मानलेला आकार) आणि कल्याणपूर डेटमवर (मोजणीचा पाया) आहेत. भौगोलिक निर्देशांकांसाठी ईपीएसजी या प्रणालींच्या यादीतला क्रमांक ४१४६ (कल्याणपूर १९७५) घ्या आणि मग रूपांतर करा. हे वगळलं तर पुण्याच्या परिसरात सगळी शीट शंभर-सव्वाशे मीटर सरकते. नदी नदीजवळच दिसते, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. संगम पूल मात्र पाण्याबाहेर जाऊन उभा राहतो. २००५च्या नकाशा धोरणानंतरच्या ओपन सिरीज शीट डब्ल्यूजीएस ८४ वर आहेत. त्यांना हे रूपांतर लावलं तर तोच घोळ उलट्या बाजूने होतो. शीटच्या समासातला मजकूर वाचल्याशिवाय माउसला हात लावायचा नाही, हा नियम प्रयोगशाळेच्या भिंतीवर लावावा.

यानंतर येतो आरएमएसई, म्हणजे बिंदूंवरच्या चुकांच्या वर्गांच्या सरासरीचं वर्गमूळ. विद्यार्थ्याला वाटतं, हा आकडा शून्याकडे गेला की काम फत्ते. शीट जागेवर बसवणारं सूत्र म्हणून पहिल्या क्रमाची बहुपदी घेतली तर किमान ३ बिंदू लागतात, दुसऱ्याला ६, तिसऱ्याला १०. क्रम वाढवला की आरएमएसई खाली येतोच, पण बिंदूंच्या मधला आणि कडेचा कागद लाटेसारखा वाकतो. थिन प्लेट स्प्लाइन या लवचीक पद्धतीत तर तो शून्यच दाखवतो, कारण प्रत्येक बिंदू जबरदस्तीने जागेवर बसवलेला असतो. तो शून्य काहीही सांगत नाही. खरी पद्धत: १६पैकी १२ बिंदूंवर बसवा, ४ बाजूला ठेवा, आणि त्या चारांवरची चूक मोजा. प्रबंधात हाच आकडा लिहा. ०.२५ मिलीमीटर म्हणजे जमिनीवर साडेबारा मीटर. तेवढं मिळालं तर १:५०,००० साठी उत्तम. 'अचूकता ०.३ मीटर' असं लिहिलेला प्रबंध परीक्षकाने तिथेच बाजूला ठेवावा. छापील रेघच दहा मीटर जाड आहे.

मोजमापाचंही तसंच. पुणे यूटीएम या मीटरमध्ये मोजणाऱ्या प्रक्षेपणाच्या ४३व्या उत्तर झोनमध्ये येतं (ईपीएसजी ३२६४३), मध्य रेखावृत्त ७५°. शहराचा ईस्टिंग (पूर्व दिशेचा आकडा) ३ लाख ८० हजारांच्या आसपास, नॉर्दिंग (उत्तरेचा) साडेवीस लाखांच्या अलीकडे. आकडे याहून फार वेगळे दिसले, की कुठेतरी माती खाल्ली आहे असं समजावं. इथे यूटीएमचं प्रमाण ०.९९९७८ येतं, म्हणजे नकाशावरचं अंतर किलोमीटरमागे २२ सेंटिमीटर कमी. रस्त्याच्या लांबीला हे चालून जातं. क्षेत्रफळात मात्र हजार हेक्टरमागे चाळीसेक गुंठे कमी भरतात. आणि वेब-नकाशांच्या ईपीएसजी ३८५७ मध्ये कुणी मोजलं, तर पुण्याच्या अक्षांशावर लांबी साडेपाच टक्के आणि क्षेत्रफळ ११ टक्के फुगतं. छापून आलेल्या निबंधांतही ही चूक सापडते. पर्वतीचं क्षेत्रफळ काढून ताडून बघा, एका मिनिटाचं काम आहे.

गट नकाशा आणि शंकू साखळी

महाराष्ट्रात संशोधन करायचं तर जमाबंदीचे, म्हणजे जमिनीच्या नोंदींचे, नकाशे टाळता येत नाहीत. शंकू साखळी, म्हणजे जमीन मोजायची जुनी साखळी, ३३ फुटांची, १६ आण्यांची. साखळीचा चौरस म्हणजे एक गुंठा, १,०८९ चौरस फूट. ४० गुंठ्यांचा एकर. जुना गाव नकाशा इंचाला २० साखळी या प्रमाणात असेल, तर ते होतं १:७,९२०. अर्धा मिलीमीटर जाडीची रेघ तिथे जमिनीवर चार मीटर रुंद आहे. या नकाशांवर अक्षांश-रेखांश नसतात. प्रत्येक गाव स्वतंत्र मोजलेलं, त्यामुळे शेजारची दोन गावं एकत्र ठेवली की शिवेवर कुठे फट पडते, कुठे एकावर एक चढतं. जोडताना तीन गावांच्या शिवा मिळतात तिथले दगड जीपीएसने घ्या. नदीचा काठ, बांध, रस्त्याचं वळण हे बिंदू म्हणून घेऊ नका. शंभर वर्षांत तिन्ही सरकतात.

आणि हे नकाशे उपग्रह प्रतिमेवर ठेवून 'अमुक गटात अतिक्रमण' असा निष्कर्ष काढू नका. कायदेशीर हद्द टिपण, फाळणी (मोजणीची मूळ कागदपत्रं) आणि मोजणीत आहे. तुमच्या आच्छादनात नाही. भूकरमापक हे सांगेल, पण त्याला विचारायला कुणी जात नाही. ड्रोनने गावठाण मोजण्याचं काम देशात स्वामित्व योजनेखाली २०२०मध्ये सुरू झालं. त्याआधीच पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावी त्याचा पथदर्शी प्रयोग झाला होता. जुना साखळी-नकाशा आणि नवा ड्रोन-नकाशा एकाच गावासाठी ताडून बघणं, फरक दिशावार मोजणं आणि त्याची कारणं लावणं, हा पुण्यात बसून करण्यासारखा पक्का पीएचडीचा विषय आहे.

उंची, ओढे आणि ९७ टक्के

जीपीएस देतो ती उंची लंबगोलापासूनची. समुद्रसपाटीपासूनची नव्हे. पुण्याच्या भागात दोन्हींत साठ मीटरांहून जास्त फरक आहे, त्यामुळे ५६० मीटरवरचं शहर जीपीएसच्या कच्च्या आकड्यात ५०० च्याही खाली दिसतं. जिऑइड प्रतिमान (समुद्रसपाटीचा नमुना) लावलं की नाही, हे लिहिलेलं नसेल तर त्या उंचीला अर्थ नाही.

३० मीटरच्या पिक्सेलच्या उंची-विदेवर शहरातल्या पुराचा अभ्यास करू नका, निदान थेट करू नका. २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला, तेव्हापासून हा विषय दर वर्षी कुणीतरी घेतंच. कात्रजकडून येऊन दांडेकर पुलाजवळून मुठेला मिळणारा हा ओढा बऱ्याच ठिकाणी एका पिक्सेलपेक्षा अरुंद आहे. विदेत दिसतात त्या इमारतींच्या गच्च्या आणि झाडांचे शेंडे, कारण रडारने पृष्ठभाग मोजलाय, जमीन नाही. त्यात 'फिल सिंक्स' (खड्डे भरणारी आज्ञा) चालवलं की प्रत्येक रस्त्याच्या भरावामागे तळं तयार होतं आणि पाणी भलत्याच सोसायटीतून वाट काढतं. भरण्याऐवजी भेदा: मोऱ्या आणि पूल प्रत्यक्ष फिरून नोंदवा, त्या जागी विदेत खाच पाडा, मग प्रवाह काढा. ओढा कुठून 'सुरू' होतो हे ठरवणारी मर्यादाही लिहा. १,००० पिक्सेल म्हणजे ०.९ चौरस किलोमीटर पाणलोट, ही तुमची निवड आहे, निसर्गाची नव्हे. आणि निकालाला 'पूररेषा' म्हणू नका. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या. त्या जलसंपदा विभाग आखतो आणि त्यांवर बांधकामाच्या परवानग्या अडतात. तुमचा तो अंदाज, अंदाजच म्हणा.

भूमी-वापराचं वर्गीकरण हा सगळ्यांचा लाडका प्रयोग. सेंटिनेल-२ उपग्रहाची १० मीटरची प्रतिमा, रँडम फॉरेस्ट ही वर्गीकरणाची पद्धत, शिकवणं आणि तपासणी अशी ७०:३० विभागणी, अचूकता ९७ टक्के. हा आकडा बहुधा खोटा असतो, आणि कुणी लबाडी केलेली नसते. एकाच बहुभुजातले (आखलेल्या नमुना-क्षेत्रातले) शेजारचे पिक्सेल काही शिकवण्यात गेले, काही तपासणीत. शेजारी सारखेच असतात, त्यामुळे परीक्षेतला प्रश्न आधीच सोडवून घेतल्यासारखं झालं. विभागणी पिक्सेलची करू नका, बहुभुजांची करा. त्याहून बरं, वेगळ्या भागातले बहुभुज तपासणीला ठेवा. आकडा ८०च्या घरात आला तर घाबरू नका. तो खरा आहे.

पुण्याची स्वतःची एक खोड आहे. मार्च-एप्रिलमध्ये वेताळ टेकडीवरचं वाळलेलं गवत आणि उघडा बेसॉल्ट लघुतरंग अवरक्तात (डोळ्यांना न दिसणाऱ्या किरणांत) काँक्रीटसारखे दिसतात, आणि 'बांधकाम' निर्देशांक अख्खी टेकडी इमारतींनी भरून टाकतो. नोव्हेंबरची आणि एप्रिलची, दोन्ही प्रतिमा एकत्र घ्या; टेकडी हिरवी होते, सिमेंट होत नाही. जून ते सप्टेंबर ढगांमुळे प्रकाशीय प्रतिमा धरूच नका. तेव्हाचं हवं असेल तर सेंटिनेल-१ चं रडार.

पर्जन्याचं एका ओळीत सांगायचं तर हवामान खात्याची जाळीबद्ध विदा ०.२५ अंशांची, एक चौकोन साधारण २७ किलोमीटरचा. ताम्हिणी आणि पुणे यांच्यामधला पावसाचा उतार त्यात सपाट होतो.

देवनागरी अक्षरं: न झालेलं संशोधन

नकाशाशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत नावं लिहिण्याचे नियम रोमन लिपीसाठी आहेत, आणि आपण ते तसेच उचलतो. रोमनमध्ये पर्वतरांगेचं नाव अक्षरांत मोकळी जागा सोडून रांगभर पसरवतात. देवनागरीत अक्षरं लांब केली की शिरोरेषा तुटते आणि 'स ह्या द्री' असे तीन सुटे तुकडे उरतात. सॉफ्टवेअर तर काही वेळा जोडाक्षरही फोडतं. नदीच्या वळणावर नाव वाकवलं, की प्रत्येक अक्षराची शिरोरेषा वेगळ्या कोनात जाते आणि वेलांट्या एकमेकींवर चढतात. आडव्या रस्त्याला समांतर नाव ठेवलं तर शिरोरेषा रस्त्याचीच दुसरी रेघ वाटते. मात्रा वर, उकार खाली, त्यामुळे दोन ओळींच्या नावाला रोमनपेक्षा जास्त उभी जागा लागते, आणि तोच वाचनीयपणा हवा असेल तर टाइप एक-दीड पॉइंट मोठा. मग क्षेत्राचं मोठेपण दाखवायचं कसं? वजनाने, रंगाच्या गडदपणाने, की तिरपेपणाने? याची मराठी वाचकांवर नीट चाचणी घेऊन उत्तर देणारा प्रबंध ज्याने लिहिला, त्याचं काम हिंदी, नेपाळी आणि कोकणीलाही लागू पडेल.

त्याच्या खाली विदेची रटाळ पण जीवघेणी बाजू आहे. शेपफाइल या जुन्या नकाशा-फाइल प्रकारात स्तंभाच्या नावाला १० बाइट. यूटीएफ-८ या युनिकोड साठवणीत देवनागरीचं एक चिन्ह ३ बाइट खातं, म्हणजे तीन चिन्हांत नाव संपलं. 'तालुका' सहा चिन्हांचा, तोही मावत नाही. सोबतची, लिपीसंकेत सांगणारी सीपीजी फाइल हरवली की सगळी गावं प्रश्नचिन्हं होतात. सरकारी यादी जुन्या बिगर-युनिकोड फाँटात असेल, तर आधी परिवर्तन, आणि त्यात रफार हमखास चुकीच्या अक्षरावर जातो; 'र्' असलेली सगळी नावं हाताने तपासा. जिओपॅकेज हा नवा फाइल प्रकार वापरा, शेपफाइलचा नाद सोडा. नावावरून तक्ते जोडू नका: एका पुणे जिल्ह्यात वडगाव शेरी, वडगाव बुद्रुक, वडगाव खुर्द, वडगाव मावळ, आणि कुठे 'बु.' तर कुठे 'बुद्रुक'. जनगणनेचा ६ अंकी ग्रामसंकेतांक असतो, तो घ्या. शहरात आणखी पंचाईत: जनगणनेचे वॉर्ड आणि निवडणुकीचे प्रभाग वेगळे, शिवाय महापालिकेत २०१७मध्ये ११ आणि २०२१मध्ये २३ गावं आली. २०११ची लोकसंख्या आजच्या हद्दीवर टाकणं हा नकाशा नव्हे, अफवा आहे.

पीएचडी, पैसे, छपाई

'अमुक तालुक्यातील भूमी उपयोजनाचा जीआयएसच्या साहाय्याने अभ्यास' हे शीर्षक कृपा करून घेऊ नका. त्यात तालुका आहे, साधन आहे, प्रश्न नाही. वर आलेले तीन-चार विषय बघा. प्रत्येकात 'किती चुकतं आणि का' हे विचारलंय, आणि तालुका ही फक्त चाचणीची जागा आहे. गाइड निवडताना त्यांच्या विद्यार्थ्यांचे दोन प्रबंध ग्रंथालयात जाऊन वाचा, विशेषतः पद्धतीचं प्रकरण. तिथे प्रक्षेपण आणि डेटमचा उल्लेखच नसेल, तर समजून घ्या.

यूजीसीच्या २०२२च्या नियमांनुसार किमान ३ वर्षं, कमाल ६, पुनर्नोंदणीने आणखी २. कोर्सवर्क किमान १२ क्रेडिटचं. नेटमधून जेआरएफ (कनिष्ठ अधिछात्रवृत्ती) मिळाली तर जानेवारी २०२३पासूनचा दर महिना ३७,००० रुपये, दोन वर्षांनी एसआरएफ (वरिष्ठ) ४२,०००. वयाची अट ३० वर्षं, राखीव प्रवर्गांना आणि महिलांना सवलत. जेआरएफ हुकली तरी बार्टी आणि सारथी या राज्य सरकारच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्या आहेत आणि दोन्ही कार्यालयं पुण्यातच आहेत. पात्रता आणि मुदत दर वर्षीच्या जाहिरातीत बघा. विदेसाठी वेळ धरा. टोपोशीटच्या पीडीएफ सर्व्हे ऑफ इंडियाच्या संकेतस्थळावरून मिळतात, पण खात्यांकडची तपशीलवार विदा अर्ज, गाइडचं पत्र, स्मरणपत्र अशा वाटेने महिन्यांनी येते. कोर्सवर्क चालू असतानाच अर्ज टाका. ड्रोन उडवायचा बेत असेल तर आधी डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळाचा नकाशा उघडा. लोहगावचा विमानतळ आणि लष्करी हद्दींमुळे शहराच्या बऱ्याच भागात परवानगीशिवाय उडवता येत नाही.

छपाईत मान्य नियतकालिकांची यूजीसी-केअर यादी २०२५मध्ये बंद झाली, त्यामुळे नियतकालिकाची पारख आता तुम्हालाच करायची. आठ दिवसांत स्वीकृती आणि लगेच पैशांची मागणी आली, की पळा. पुण्यातल्याच इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन जिऑग्राफर्सचं नियतकालिक आणि भारतीय सुदूर संवेदन संस्थेचं नियतकालिक ही सुरुवातीची बरी ठिकाणं. परीक्षक पहिल्यांदा नकाशाच बघतात, आणि बऱ्याचदा क्षेत्रघनी नकाशात (आकड्यानुसार प्रदेश फिकट-गडद रंगवतात त्यात) कच्चे आकडे रंगवलेले असतात. पुणे जिल्ह्याचा असा कुठलाही नकाशा काढा, हवेली सगळ्यात गडद. तिथे माणसंच जास्त आहेत, बाकी काही सिद्ध होत नाही. दर किंवा घनता काढा, कच्चा आकडा हवाच असेल तर प्रमाणबद्ध वर्तुळं (आकडा मोठा तसं वर्तुळ मोठं). आणि समान अंतराचे वर्ग इथे चालत नाहीत. शहराच्या एकट्या अवाढव्य आकड्यामुळे वेल्ह्यापासून (आताचा राजगड) इंदापूरपर्यंत सगळे तालुके एकाच फिकट रंगात जाऊन बसतात.

नोकरीचं स्पष्टच बोलायचं तर सहायक प्राध्यापकाचं मूळ वेतन ५७,७०० पासून सुरू होतं, पण त्या जागा सावकाश निघतात. मधली वर्षं अनेकांची तासिका तत्त्वावर जातात, म्हणजे घेतलेल्या तासांचेच पैसे, सुट्टीत शून्य. या काळात प्रकल्पावरची संशोधन-साहाय्यकाची जागा मिळाली तर ती घ्या. तिथे पायथन, पोस्टजीआयएस (नकाशा-विदेचं भांडार) आणि अहवाल लिहिणं तिन्ही हातात बसतं.

मुलाखतीत प्रात्यक्षिक-तास घ्यायला लावतात. तिथे सॉफ्टवेअरचे मेनू दाखवू नका. दोन नकाशे न्या, एकाच विदेचे: एक कच्च्या आकड्यांचा, एक घनतेचा. समितीलाच विचारा, कुठला बरोबर. नोकरी लागल्यावर प्रयोगशाळेतही हेच करा. मुलांना स्वच्छ विदा देऊ नका. एका फाइलची निर्देशांक प्रणाली काढून टाका, एका गावाचं नाव दोन तऱ्हांनी लिहा, एक बहुभुज स्वतःलाच छेदणारा ठेवा, एक टोपोशीट डेटम न सांगता द्या. २० जणांच्या तुकडीला दोन तास लागतील, जर्नलमध्ये काय सापडलं आणि कसं सापडलं एवढंच लिहून घ्या. गुण सुंदर नकाशाला कमी आणि त्या यादीला जास्त.